काळजातलं बटण

उदगीर
१४ ऑक्टोबर २०२४

श्री. व्यंकटराव यांस,
स. न. वि. वि.

माझं पत्र पाहून नवल वाटेल. तुमचा नंबर मी ऑगस्टमध्येच ब्लॉक केला आणि तो उघडायची माझी इच्छा नाही. पण डॉक्टरांनी एक गोष्ट रक्ताच्या नात्यातल्यांना कळवायला सांगितली, म्हणून लिहिते आहे.

माझ्या हृदयातलं छिद्र मागच्या मंगळवारी लातूरला बंद केलं. छाती उघडावी लागली नाही. मांडीच्या शिरेतून बारीक नळी वर हृदयापर्यंत नेली. वरच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्याला बावीस मिलिमीटरचं छिद्र होतं. त्यात तारेच्या जाळीचं, दोन चकत्यांचं झाकण बसवलं. एक चकती पडद्याच्या या अंगाला, दुसरी त्या अंगाला, मधे बारीक कंबर. काजात बटण अडकावं तसं ते बसतं. आमच्या घरात सगळे त्याला बटणच म्हणतात.

डॉ. देविका मॅडम म्हणाल्या, असं छिद्र कधी कधी एकाच घरात दोघा-तिघांना निघतं. म्हणून भाऊ, त्याची मुलं, सगळ्यांचा एकदा एको करून घ्यावा. छातीवर यंत्र फिरवून हृदय पडद्यावर बघतात, अजिबात दुखत नाही. माझ्या तनुजाचा केला. ती ठीक आहे. तुमचा आणि ऋतुजाचा नांदेडला करून घ्या.

एवढंच कळवायचं होतं.

एवढंच म्हणून पेन खाली ठेवला होता. पण पान अर्धं कोरं आहे आणि मला सक्तीची विश्रांती आहे, शाळा नाही, काम नाही.

पंधरा ऑगस्टच्या प्रभातफेरीत मी घोषणा देता देता रस्त्यावरच खाली बसले. मुलांना वाटलं, बाई दमल्या. डोळ्यांपुढं अंधारी आली ती दवाखान्यात गेल्यावरच सरली. मॅडमनी एको केला आणि विचारलं, "लहानपणी कोणी काही सांगितलं नव्हतं तुम्हाला?" मी ठामपणे नाही म्हटलं. तरी तुला फोन लावला. आई आधीच गेलेली, मग आबा. विचारायला तूच उरला होतास.

आणि तू म्हणालास, "हाव. तू सात वर्षांची व्हतीस. शाळेत तपासणीवाले आले व्हते. मंग आबांनी नांदेडला नेलं तुला. म्या बी व्हतो संगं."

मला ते नांदेड आठवतं. टॉन्सिल दाखवायचे आहेत असं सांगून नेलं होतं. डॉक्टरांनी छातीला नळी लावली तेव्हा मी विचारलंही होतं, टॉन्सिल घशात असतात ना? तू हसला होतास, दादा. तेरा वर्षांचा होतास आणि तुला ठाऊक होतं. माझं लग्न ठरलं तेव्हा ठाऊक होतं. तनुजाच्या वेळी मी बाळंतपणाला गेले तेव्हाही ठाऊक होतं.

मी फोनवर म्हणाले, "मला मरायला दिलं होतं तुम्ही लोकांनी. आजपासून मला भाऊ न्हाई."

तू म्हणालास, "बरं."

भांडला असतास तर चाललं असतं.

एको मात्र करून घ्या.

महानंदा
सहशिक्षिका, जि. प. प्राथमिक शाळा


उदगीर
३ नोव्हेंबर २०२४

दादा,

आज भाऊबीज. मी वाट पाहत नव्हते, हे आधी सांगते. करंज्या जास्त झाल्या त्या तनुजाच्या हट्टामुळे.

परवा लक्ष्मीपूजनाच्या दिवशी छातीत धडधड सुरू झाली. दोन ठोके पडायचे, एक गळायचा, मग तीन एकदम. मला वाटलं बटण निसटलं. अमरनाथनी दुकानाची पूजा अर्धी टाकली आणि गाडी काढली. दाजी तुझे कसे आहेत तुला माहीत आहे, दिवसभर जळक्या मोटारींना नवी तार गुंडाळणारा माणूस. लातूरपर्यंत एक शब्द बोलले नाहीत, फक्त प्रत्येक खड्ड्याला "सांभाळ" म्हणायचे. जणू खड्डा मीच पाडला होता.

मॅडमनी ईसीजी काढला, एको केला. बटण जागच्या जागी. म्हणाल्या, "नवीन वस्तू आत आली की हृदय थोडे दिवस कुरकुर करतं. सूज उतरली की थांबेल."

तेव्हा अमरनाथनी इतके दिवस पोटात ठेवलेला प्रश्न विचारला. "मॅडम, तार तांब्याची हाय का?"

मॅडम हसल्या. निकेल आणि टायटॅनियमची असते म्हणे. थंड करून नळीत ओढली की लांब दोरीसारखी होते आणि आत सोडली की आपला मूळ आकार धरते. अमरनाथ खुर्चीच्या कडेला आले. मग मॅडमनी कागद घेतला आणि त्यांना चित्र काढून समजावलं. मी शेजारी बसून ऐकत होते.

आज ते बटण तिथं नुसतं पकडीवर बसलं आहे. पहिल्या काही दिवसांत जाळीवर रक्तातला चिकट थर बसतो आणि बारीक बारीक भोकं बुजतात. मग पडद्याच्या कडेकडून माझ्याच पेशी जाळीवर सरकायला लागतात. रोज थोड्या थोड्या. तीन ते सहा महिन्यांत सगळी जाळी माझ्या हृदयाच्या अस्तराखाली जाईल. तोवर रक्त उघड्या तारेला लागतं, तिथं गुठळी धरू नये म्हणून दोन गोळ्या चालू. जड उचलायचं नाही. दात काढायचा झाला तरी आधी विचारायचं.

"म्हणजे तुम्ही फक्त तार दिली. भरायचं काम तिचंच," अमरनाथ म्हणाले.

"अगदी बरोबर," मॅडम म्हणाल्या. "आम्ही अर्ध्या तासात निघून येतो. पुढचे सहा महिने हृदय काम करतं."

आपल्या बांधावरच्या बाभळीला आबांनी तार बांधली होती आणि झाडानं ती गिळून टाकली होती, आठवते? मला गाडीत येताना तीच आठवत राहिली. आता धडधड कमी आहे. भूक लागते. काल मी जिना एका दमात चढले आणि वर जाऊन कुणी बघितलं का म्हणून मागं वळून पाहिलं. कुणीच नव्हतं. तुला सांगते आहे.

एको केला का, ते कळव. पोस्टकार्डावर चालेल.

महानंदा


उदगीर
३१ डिसेंबर २०२४

दादा,

काल येळवस होती. तुमच्या भोकरकडं हा सण नाही, म्हणून तुला त्याची मजा कळायची नाही. या दिवशी आमचं अख्खं गाव रानात असतं. गहू, हरभऱ्यात कडब्याची कोप, म्हणजे खोपटं, करायची, पाच दगडांना चुना लावून पांडव मांडायचे, पूजा करायची आणि मग दिवसभर मिसळीच्या भाजीची भज्जी, बाजरीचे उंडे आणि ताकातली आंबील. पहिल्याच वर्षी मी इतकी आंबील प्याले होते की कोपीतच झोप लागली.

काल मी आणि सासूबाई, मल्लम्मा, कोपीत दोघीच होतो. अमरनाथ तनुजाला घेऊन हरभऱ्याकडं गेले होते. मल्लम्मांचं बोलणं तुला माहीत आहे, अर्धं कानडी, अर्धं मराठी, आणि सगळं हुकूम. माझ्या पत्रावळीवर भज्जी वाढता वाढता त्यांनी विचारलं, "तुजा अण्णा दिवाळीला का आला न्हाई?"

"काम होतं त्याला."

"खोटं बोलतीस. तुजं नाक लाल व्हतंय."

दादा, मी घरात कुणालाच आपलं भांडण सांगितलं नव्हतं. लाज वाटायची. माहेरानं रोग लपवून मुलगी दिली, असं सासरी कुठल्या तोंडानं सांगायचं? पण काल सांगून टाकलं. नांदेड, टॉन्सिल, फोन, तुझं ते "बरं". सगळं.

त्यांनी हातातली पळी खाली ठेवली.

"अय्यो शिवा! त्यानं मला सांगितलं की गं!"

मला काही कळेना. मग त्या बोलल्या ते ऐकून मी तशीच बसून राहिले. आंबील तोंडात, गिळायचं भान नाही.

लग्न ठरल्यावर दहाव्या दिवशी तू एकटाच उदगीरला आला होतास. सासूबाई अंगणात तूर पाखडत होत्या. तू चहाही घेतला नाहीस. उभ्यानंच म्हणालास, "पोरीच्या काळजात भोक हाय. डॉक्टर म्हणले व्हते, बारीक हाय, आपोआप बुजंल. बुजलं का न्हाई, कुणी पुन्हा दाखवलं न्हाई. आबांनी कुणाला सांगू नको म्हणून शपथ घातली. पर तुमाला सांगितल्याबिगर म्या पोरगी देऊ शकत न्हाई. मोडायचं असंल तर आत्ताच मोडा."

आणि मल्लम्मा म्हणाल्या, "मला डाव्या डोळ्यानं दिसत न्हाई, माज्या लग्नात कुणी इचारलं व्हतं? पोरगी आण. पर तिला बोलू नको. नव्या घरात भीत भीत येईल."

तुझ्याकडून वचन घेतलं त्यांनी. स्वतः कुणालाच सांगितलं नाही, अमरनाथनासुद्धा.

लग्नाला अकरा वर्षं झाली, दादा. या अकरा वर्षांत त्या बाईनं मला भरलेला हंडा एकदाही उचलू दिला नाही. हातातून ओढून घ्यायच्या. मला वाटायचं, मास्तरीण सून म्हणून टोमणा आहे. मी शेजारणींना सांगायचे, आमच्या सासूला माझ्या हातचं पाणीसुद्धा चालत नाही.

"तू बाळंत झालीस, पोर चांगली, तू चांगली," त्या म्हणाल्या. "म्हणलं, बुजलं असंल. म्या अडाणी. तवाच डॉक्टरला इचारायचं, ते चुकलं माजं." आणि कान पकडायला लागल्या. सत्तरीची बाई. मी त्यांचे हात धरले, मग आम्ही दोघी रडलो, आणि रडता रडता मला हसू फुटलं, कारण त्यांच्या हाताला भज्जी होती आणि ती सगळी माझ्या केसांना लागली होती. तनुजा आली आणि म्हणाली, "तुम्ही भांडलात का?"

आता तू सांग. "म्या सांगितलं व्हतं" हे चार महिन्यांपूर्वी फोनवर म्हणायला तुला काय झालं होतं? बाईला दिलेलं वचन म्हणून बहीण घालवायला निघालास?

अजून एक. त्यांना सांगितलंस, मला नाही. काळीज माझं होतं. तो राग थोडा आहे अजून, लपवत नाही. पण "मरायला दिलं" म्हणाले ते मी परत घेते. सगळंच्या सगळं.

तुझा नंबर काल दुपारी उघडला. फोन जवळच ठेवला आहे.

तुझी,
महा


उदगीर
२३ फेब्रुवारी २०२५

प्रिय दादा,

आता आपण रोज फोनवर बोलतो, तरी लिहिते आहे. कारण फोनवर तू गप्प बसतोस आणि मी रडते. पत्रात निदान माझं बोलणं पुरं होतं.

दोन जानेवारीला तुझा फोन आला तेव्हा मी वर्गात होते. तू "महे" म्हणालास आणि मग इतका वेळ काही बोलला नाहीस की मुलं कविता म्हणायची थांबली. मग म्हणालास, "ऋतीला बी हाय."

तू माझं पहिलंच पत्र खिशात घालून नोव्हेंबरमध्ये तिला नांदेडला नेलंस. तुझा एको नीट, आणि तिच्या पडद्याला चौदा मिलिमीटर. दीड महिना तो कागद पत्राच्या घडीत ठेवून तू एकटा हिंडत राहिलास. मनिषा वहिनींनासुद्धा बोलला नाहीस. आपल्या घरात गप्प बसायचं शिकवावं लागत नाही, दादा.

परवा तुम्ही तिघं लातूरला आलात, मॅडमनी तपासलं, छिद्राला चहूबाजूंनी चांगली कड आहे, बटण धरेल म्हणाल्या. सहा मे ठरली, परीक्षा झाल्यावर. सगळं छान झालं. वहिनींनी विचारलं, "पोरीच्या काळजात लोखंड ऱ्हाणार का जन्मभर?" तेव्हा मॅडमनी माझा एको काढून दाखवला, चार महिन्यांचा. जाळीची कड आधी पांढरी धारदार दिसायची, आता मऊ झाली आहे, पडद्यात मिसळायला लागली आहे. वहिनी माझ्याकडं बघत राहिल्या आणि मग त्यांनी माझ्या छातीवर हात ठेवून पाहिला. बरं वाटलं मला.

पण बाहेर आल्यावर तू हळूच म्हणालास, "पोरीला बोलू नको. पोटाचं दाखवाया आणलंय म्हणून सांगितलंय."

मी तिथं काही बोलले नाही. ऋतुजा शेजारीच उभी होती, केळं खात. आता बोलते.

मला टॉन्सिल सांगितलं होतं. तिला पोट. दादा, ती नऊ वर्षांची आहे. पळताना तिला धाप लागते आणि मैत्रिणी तिला खेळायला घेत नाहीत. तिला वाटतं, आपणच ढिल्ल्या आहोत. मलाही तेच वाटायचं. कबड्डीत मला कायम शेवटी घ्यायचे आणि मी घरी येऊन स्वतःवर चिडायचे. माझी चूक नव्हती, हे कळायला मला तेहतीस वर्षं लागली.

तिला तू सांग. मी नाही, वहिनी नाही, डॉक्टर नाही, तू. तुला बोलता येत नाही हे मला ठाऊक आहे. पण लग्नाआधी उदगीरच्या अंगणात उभं राहून बोललास की. तेव्हा जमलं होतं.

सहा मेला मी येणार. पण ती पोरगी पोट दुखतंय म्हणून त्या टेबलावर झोपणार असेल, तर मी येणार नाही. भांडण नाही हे. अट आहे.

तुझी,
महा


उदगीर
११ एप्रिल २०२५

प्रिय दादा,

काल संध्याकाळी ऋतुजाचा फोन आला. पहिलंच वाक्य: "आत्या, माज्या हृदयात भोक हाय. तुला ठाऊक हाय का?" आवाजात असा तोरा की जणू बक्षीस मिळालं. मी म्हटलं, नाही बाई, सांग. तिनं सांगितलं. तू तिला विहिरीवर नेलंस, मोटार बंद केलीस आणि अर्धा तास बोललास. पाईपची जोडणी गळकी असली की पाणी कसं भलतीकडं जातं आणि मोटारीवर कसा ताण येतो, ते दाखवलंस म्हणे. "दादा लई बोलले," ती म्हणाली. "म्या कधी बघितलंच न्हाई त्यांना इतकं बोलताना." मग मला विचारलं, "आत्या, तुजं बटण गंजलं का?"

नाही गंजलं. आज सहा महिन्यांचा एको झाला.

सासूबाई हट्टानं आत आल्या. मॅडमनी माझ्या हाताच्या शिरेतून मिठाच्या पाण्याचे बारीक बुडबुडे सोडले. यंत्राच्या पडद्यावर हृदयाचा उजवा कप्पा एकदम चांदण्यांनी भरला. छिद्र राहिलं असतं तर त्या चांदण्या पलीकडं गेल्या असत्या. आम्ही सगळ्या श्वास धरून बघत होतो. पलीकडं एकही गेली नाही. डावी बाजू काळीभोर, स्वच्छ. फुगलेला उजवा कप्पाही आवरून आपल्या मापावर आला आहे.

"बटण कुठाय?" मल्लम्मांनी विचारलं. उजव्या डोळ्याशी हात धरून त्या पडद्याला नाक लावून बघत होत्या.

"ही बघा, इथं जरा जाड रेघ दिसते ना? त्याच्या आत. वरून सगळं हिचंच अस्तर आहे."

"मंग आता साकू?"

"साकू," मॅडम म्हणाल्या. लातूरच्या डॉक्टरीणबाईंना तेवढं कानडी येतं. बास म्हणायला.

दोन्ही गोळ्या बंद. आता मी काहीही उचलू शकते. दवाखान्याच्या पायऱ्यांवर मी सासूबाईंनाच उचललं, दादा. खरंच. वीतभर, पण उचललं. त्या कानडीत एवढ्या शिव्या देत होत्या की वॉचमन धावत आला.

ऋतुजाला सांग, गंजत नाही. आणि सहा मेला आत्या येते आहे.

महा


उदगीर
२० मे २०२५

प्रिय दादा,

तू नांगरटीसाठी भोकरला परत गेलास, म्हणून इकडची खबर. वहिनी आणि ऋतुजा मजेत. तिच्या मांडीवरचा डाग आता टाचणीएवढा आहे. भूक एवढी वाढली आहे की सासूबाई "ऊटा, ऊटा" करत दिवसातून चार वेळा ताट वाढतात आणि चारही वेळा रिकामं परत येतं.

सहा मेला दवाखान्याच्या बाकावर तू शेजारच्या माणसाशी बोलत होतास, ते मी ऐकलं. औसा तालुक्यातला होता, त्याच्याही पोराला छिद्र. तू त्याला म्हणत होतास, "भिऊ नका. माज्या बहिणीचं बघा, सगळं मांसानं झाकून गेलंय. म्या सव्वीस वर्षं गप ऱ्हायलो, तुमी ऱ्हाऊ नका." मी खांबाआड उभी राहिले. समोर आले असते तर तू बोलायचा थांबला असतास.

मग मॅडम बाहेर येऊन "बसलं" म्हणाल्या आणि तू त्यांना हात जोडायच्या ऐवजी माझ्या डोक्यावर हात ठेवलास. राहू दे, त्यावर लिहीत नाही.

तुला एसटीतली गंमत सांगायची राहिली. दवाखान्यातून सुट्टी झाल्यावर आम्ही तिघी लातूरहून उदगीरला निघालो. ऋतुजाला खिडकी हवी होती, ती एका धोतरवाल्या आजोबांनी दिली. लातूर सुटायच्या आत हिनं सुरुवात केली.

"आजोबा, माज्या काळजात बटण हाय. तारेचं."

"काय बोलतीस पोरी!"

"खरंच. आत्याच्या बी हाय. माजं आत्ता दिसतंय, सहा महिन्यांनी न्हाई दिसणार. त्याच्यावर माजंच मांस चढणार हाय. हळूहळू. कडेकडून."

"मंग काढायचं कवा?"

"काढायचंच न्हाई ओ! ते माजंच व्हऊन जातंय."

आजोबांनी ते पुढच्या बाईला सांगितलं, बाईनं तिच्या नवऱ्याला. नळेगाव येईपर्यंत निम्म्या गाडीला ठाऊक झालं होतं. हिनं पिशवीतून बटणाचं कार्ड काढलं, त्यावर तिचं नाव आणि माप लिहिलेलं, आणि ते सीटासीटांवरून मागं गेलं आणि पुढं आलं. वहिनींनी पदर तोंडावर ओढला आणि तिला चिमटा काढला, "गप ऱ्हा गं, चारचौघांत! उद्या लग्नात..."

तेवढ्यात कंडक्टर उठला, छताला धरून पुढं गेला आणि केबिनच्या जाळीतून ओरडला, "ड्रायव्हरसाब, पुढं गतिरोधक हाय, जरा दमानं. गाडीत बटणवाली पोरगी हाय!"

गाडी एवढी हळू झाली की मागून हॉर्न वाजायला लागले. सगळे हसले. पदराआडून वहिनीही हसायला लागल्या आणि मग त्यांनी पदर खाली घेतला तो घेतलाच.

दादा, या पोरीचं आता काहीच लपवता यायचं नाही. भोकरपासून उदगीरपर्यंत सगळ्यांना ठाऊक झालं आहे, आणि ज्यांना नाही त्यांना ती स्वतः सांगते आहे. आत्ताही अंगणात शेजारच्या बायकांना गोळा करून तेच चाललं आहे. मल्लम्मा मधे मधे चुका दुरुस्त करतात.

तुझी,
महा